सँग्विन : रक्तातून आलेली उमेद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या बातमीत तुम्हाला दोन वाक्यं सापडली. पहिलं, 'द बोर्ड इज सँग्विन अबाउट द मर्जर.' आणि लगेच खाली, 'ॲनालिस्ट्स आर लेस सँग्विन.' शब्दकोश उघडला तर 'सँग्विन'पुढे एकीकडे 'रक्तवर्ण, तांबडा' आणि दुसरीकडे 'आशावादी, उत्साही'. शेजारच्याच नोंदीत 'सँग्विनरी' म्हणजे 'रक्तरंजित' हेही दिसलं. एका मुळातून आशा आणि कत्तल दोन्ही कशा निघाल्या, वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखायचं कसं आणि मराठीत काय लिहायचं, हा तुमचा पेच आहे.

बातमीपुरतं उत्तर सोपं आहे. संचालक मंडळाला हे विलीनीकरण नीट पार पडेल असं वाटतंय, विश्लेषकांना तेवढं वाटत नाही. रक्ताचा तिथे थेंबही नाही. पण हे सांगताना मी 'आशावादी' हा शब्द मुद्दाम वापरला नाही. शब्दकोशात तो दिलेला असला तरी 'सँग्विन'मधली खरी गंमत त्यात उतरत नाही, असं माझं तीस वर्षांच्या भाषांतराच्या धंद्यानंतरचं मत आहे. ते का, हे कळायला रक्तापासूनच सुरुवात करावी लागेल.

आधी उच्चार, कारण तो चुकीचा करणारे बरेच भेटतात. 'सँगुइन' नाही, 'सँगवाईन' तर नाहीच. 'पेंग्विन' म्हणता ना, तसंच 'सँग्विन'. शेवटचा तुकडा तंतोतंत तोच, आणि जोर पहिल्या अक्षरावर.

लॅटिनमध्ये रक्ताला दोन शब्द होते. अंगात खेळणारं, जिवंत रक्त ते 'सांग्विस'. जखमेतून सांडलेलं, थिजलेलं रक्त ते 'क्रुओर'. इंग्रजीतले 'क्रूड' आणि 'क्रुएल' हे शब्द या दुसऱ्या शब्दाच्या गोतावळ्यातले. 'सँग्विन' आला पहिल्यापासून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने, आणि चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजीत रुळला. तेव्हा त्याचे दोन अर्थ शेजारीशेजारी नांदत होते. एक अगदी साधा, रंगाचा: रक्तासारखा लाल, किंवा त्या रंगाचं कापड. दुसरा माणसाच्या प्रकृतीचा. इंग्रज कवी चॉसरने १३८७च्या सुमारास लिहायला घेतलेल्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत हे दोन्ही अर्थ शंभरेक ओळींच्या अंतराने येतात. त्यातला वैद्य 'सँग्विन' आणि निळसर कापडाचे कपडे घालतो, म्हणजे तिथे रंग. आणि पांढऱ्याशुभ्र दाढीचा, सकाळी वाइनमध्ये पाव बुडवून खाणारा, पाहुण्यांसाठी घर कायम उघडं ठेवणारा जमीनदार आहे, त्याचं 'कॉम्प्लेक्शन' सँग्विन होतं असं चॉसर सांगतो. आजचा वाचक याचा अर्थ 'त्याचा चेहरा लालसर होता' एवढाच घेईल. चॉसरच्या वाचकाला मात्र त्या एका शब्दात त्या माणसाची सगळी कुंडली कळत असे.

कारण 'कॉम्प्लेक्शन' म्हणजे तेव्हा नुसती कातडीची कांती नव्हे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र विणलेलं, गुंफलेलं असं काहीतरी. काय गुंफलेलं? शरीरातले चार रस. हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी मांडलेली आणि दुसऱ्या शतकात गॅलनने पक्की केलेली ही कल्पना: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. या चारांचं प्रमाण जसं, तशी माणसाची प्रकृती आणि तसाच त्याचा स्वभाव. रसाला लॅटिनमध्ये 'ह्यूमर' म्हणत, मूळ अर्थ ओलावा. आज 'ही इज इन गुड ह्यूमर' म्हणताना त्या माणसातले द्रव समतोल आहेत, असं आपण नकळत म्हणत असतो. 'टेम्परामेंट' हा शब्दही मिसळण्याच्या क्रियापदातून आलेला.

मराठी वाचकाला हे समजायला फारसे कष्ट पडू नयेत. आपण रागावलो की आपलं 'पित्त खवळतं'. कोणी डोकं खाल्लं की तो 'वात आणतो'. हे म्हणताना आपण वैद्यकाचा विचार करत नाही, तरी शरीरातल्या दोषांवरून स्वभाव सांगण्याची रीत भाषेत मुरलेली आहे. फरक इतकाच की आयुर्वेदाच्या त्रिदोषांत रक्त नाही. रक्त तिथे धातूंमध्ये, म्हणजे शरीर घडवणाऱ्या घटकांमध्ये, मोजतात. ग्रीकांनी मात्र रक्ताला पित्त-कफाच्या पंगतीला बसवलं. म्हणून कफप्रकृती, पित्तप्रकृती आपल्याकडे तयार आहेत, पण 'रक्तप्रकृती' म्हटलं तर कुणाला काही बोध होत नाही. 'सँग्विन'ला मराठीत नेमका जोडीदार न मिळण्याचं एक कारण हे आहे.

तर रक्त ज्याच्यात वरचढ, तो सँग्विन. रक्ताचे गुण उष्ण आणि ओलसर. त्याचं महाभूत वायू, त्याचा ऋतू वसंत. अशा माणसाचे गाल लालसर, अंग भरलेलं, भूक चांगली, मन मोकळं, हात सढळ, प्रेमात लवकर पडणारा, संकटाला न घाबरणारा. आणि उद्याबद्दल त्याला काळजी नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. शब्दाने पुढे बाकी सगळं सोडून दिलं आणि ही एकच गोष्ट धरून ठेवली.

उरलेल्या तीन प्रकृतींचीही विशेषणं इंग्रजीत शिल्लक आहेत. कफ जास्त तो 'फ्लेग्मॅटिक', थंड, न हलणारा. पिवळं पित्त जास्त तो 'कॉलरिक', तापट. काळं पित्त जास्त तो 'मेलँकॉलिक', आणि या शब्दाचा ग्रीक अर्थच 'काळं पित्त'. या चौघांत 'सँग्विन'चं नशीब जरा वेगळं निघालं. बाकीचे तिघे अजून बहुधा माणसाच्या स्वभावालाच चिकटून आहेत. 'सँग्विन' मात्र स्वभावावरून घसरत घसरत एखाद्या विशिष्ट बाबीबद्दलच्या मतापर्यंत पोहोचला. 'कॉलरिक अबाउट द मर्जर' कुणी म्हणत नाही. 'सँग्विन अबाउट द मर्जर' सर्रास म्हणतात.

ही घसरण एका रात्रीत झाली नाही. शेक्सपियरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात राजपुत्र हॅल लठ्ठ फॉलस्टाफला शिव्यांची लाखोली वाहतो, त्यात एक शिवी आहे 'सँग्विन कॉवर्ड'. इथे 'आशावादी भित्रा' असा अर्थ लावला तर वाक्याचं वाटोळं होतं. लालबुंद तोंडाचा भित्रा, असं तो म्हणतोय. आणि टोचणी अशी की रक्ताने भरलेला माणूस शूर असायला हवा. हा दिसतो तसा, आणि निघाला पळपुटा. तरी त्याच शतकात 'आशेने भरलेला, खात्री बाळगणारा' हा अर्थही चालू झालेला होता. म्हणजे चेहरा, रक्त, प्रकृती, मनाचा कल आणि आशा हे सगळे टप्पे एकमेकांवर पाय ठेवून उभे होते. जुना मजकूर वाचताना कोणत्या टप्प्यावर आहोत हे दर वेळी पाहावं लागतं.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. धंद्यात नवा असताना एका जुन्या इंग्रजी कथेचं भाषांतर करत होतो. त्यात एक धर्मोपदेशक चहा पीत बसलेला आहे आणि लेखकाने त्याला 'सँग्विन कॉम्प्लेक्शन'चा म्हटलंय. मी शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला आणि लिहून मोकळा झालो: 'त्याचा चेहरा रक्ताळलेला होता.' संपादकांनी समासात लाल पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'याला कोणी मारलं?' तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी थांबतो.

आता मुख्य मुद्दा. रसांचं वैद्यक पुढे कोसळलं. विल्यम हार्वीने १६२८ साली रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयात परत येतं हे दाखवलं आणि यकृतात रक्त सतत नव्याने बनून अवयवांत संपतं ही गॅलनची समजूत मोडीत निघाली. वैद्य मात्र त्यानंतरही दोनशे वर्षं रुग्णांची रक्तं काढत राहिले. 'जास्त झालेलं रक्त' हा आजार मानून शिरा उघडणं एकोणिसाव्या शतकातही चालू होतं. १८५८ साली रूडॉल्फ फिर्शोने रोगाचं मूळ पेशींत शोधणारी मांडणी पुस्तकरूपाने पुढे ठेवली, तोवर चार रसांत फारसा जीव उरला नव्हता. वैद्यक गेलं, पण विशेषण राहिलं. आणि राहताना आपल्यासोबत एक जुनी समजूत घेऊन राहिलं: ही आशा पुराव्यातून येत नाही, प्रकृतीतून येते.

याच ठिकाणी 'आशावादी' कमी पडतो. 'आशावादी'त 'वाद' आहे. भूमिका, विचारपूर्वक घेतलेली बाजू. इंग्रजी 'ऑप्टिमिझम'ही असाच तत्त्वज्ञानातून आलेला शब्द आहे, अठराव्या शतकातला. हे जग शक्य तितकं उत्तम आहे या जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सच्या सिद्धांताला ते नाव पडलं आणि व्होल्तेअरने १७५९च्या 'कांदीद'चं उपशीर्षकच 'ऑप्टिमिझम' ठेवून त्याची यथेच्छ टर उडवली. 'सँग्विन' त्याच्यापेक्षा कितीतरी जुना. जेव्हा इंग्रजीत 'ऑप्टिमिस्टिक' नव्हताच, तेव्हा ते काम 'सँग्विन' करत होता, पण सिद्धांत म्हणून नव्हे, तर नाडीतलं लक्षण म्हणून. सँग्विन माणसाला विचारलं, 'तुला कशावरून वाटतं सगळं ठीक होईल?' तर त्याच्याजवळ उत्तर असेलच असं नाही. त्याला वाटतं, एवढंच.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८च्या मानवशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात या प्रकृतीचं चित्र काढलंय, ते मला फार आवडतं. असा माणूस मनापासून वचन देतो आणि पाळत नाही, कारण ते पाळणं आपल्याला जमेल का याचा त्याने आधी पुरेसा विचारच केलेला नसतो. दुसऱ्याला मदत करायला तत्पर, पण स्वतः वाईट ऋणको, कायम मुदत वाढवून मागणारा. पश्चात्तापही त्याला खरा होतो, फक्त तो लवकर विसरतो. असा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतोच, आणि बहुतेकदा तो आपल्याला आवडतोही.

म्हणून 'सँग्विन' या शब्दाला किंचित झुकाव आहे. तो निंदेचा नाही, पण बोलणारा त्या आशेपासून एक पाऊल बाजूला उभा असतो. जेन ऑस्टिनच्या १८१७च्या अखेरीस आलेल्या 'पर्स्वेजन' या कादंबरीत याचा उत्तम नमुना आहे. गाठीला पैसा नसलेला तरुण नौदल अधिकारी वेंटवर्थ, पण स्वभाव सँग्विन: आपलं भाग्य उजळणारच याबद्दल त्याला शंका नाही. नायिका ॲनला हीच गोष्ट मोहवते. तिची वडीलधारी हितचिंतक लेडी रसेल तीच गोष्ट पाहते आणि तिला तो आणखी एक धोका वाटतो. स्वभाव तोच, शब्द तोच, पाहणारे दोन. भाषांतर करताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा शब्द कोण कुणाबद्दल वापरतोय? स्वतःबद्दल वापरला असेल तर 'मला भरवसा आहे'. दुसऱ्याबद्दल वापरला असेल तर त्यात बहुधा 'त्यांना तसं वाटतंय बुवा' हा सूर मिसळलेला असतो.

आता वापर.

आजच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा क्रियापदानंतर येतो आणि त्याच्यामागे 'अबाउट' लागतो: 'शी इज सँग्विन अबाउट हर चान्सेस.' तिला आपल्या संधीची काळजी वाटत नाही. 'दॅट' लावून पूर्ण वाक्यही जोडता येतं: 'ही वॉज सँग्विन दॅट द टॉक्स वुड सक्सीड.' जुन्या गद्यात 'सँग्विन ऑफ सक्सेस' असं 'ऑफ' दिसेल. वाचताना ओळखा, स्वतः लिहू नका, कृत्रिम वाटतं. नामाआधी तो मोजक्याच नामांशी जमतो: 'सँग्विन टेम्परामेंट', 'सँग्विन होप्स', 'सँग्विन एक्स्पेक्टेशन्स', 'सँग्विन व्ह्यू'. 'सँग्विन डे' किंवा 'सँग्विन मूव्ही' असं होत नाही. सँग्विन असतो तो माणूस, नाहीतर त्याची अपेक्षा. वस्तूला तो लावला तर वाचक थेट रंगाकडे वळतो.

तुमच्या बातमीतल्या दुसऱ्या वाक्याकडे खास लक्ष द्या, कारण नकारात किंवा तुलनेत हा शब्द फार शोभतो. 'लेस सँग्विन', 'नॉट सो सँग्विन', 'फार फ्रॉम सँग्विन', 'ओव्हरली सँग्विन'. कारण सरळ आहे. समोरच्याचं चुकतंय, तो हुरळलाय, असं उघड म्हणायचं नसतं. मग 'आम्ही तितके सँग्विन नाही' म्हणून शालजोडीतला दिला जातो. महागाई, व्याजदर, वाटाघाटी, निवडणुकीचे अंदाज या विषयांवरच्या लेखनात हा प्रयोग भरपूर दिसतो. एखादी मध्यवर्ती बँक महागाईबद्दल 'टू सँग्विन' आहे, असं अर्थतज्ज्ञ लिहितो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की या मंडळींनी झोप काढली. शब्द सौम्य, आरोप गंभीर.

बोलण्यात मात्र तो क्वचितच येतो. मित्राला 'उद्या पाऊस पडणार नाही याबद्दल मी सँग्विन आहे' म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील. अग्रलेख, अहवाल, चरित्रं, न्यायालयीन लेखन हे या शब्दाचं घर.

एक चूक मात्र मी इतक्यांदा दुरुस्त केली आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलेली पुष्कळ माणसं 'आय ॲम नॉट सँग्विन व्हेदर ही विल कम' असं लिहितात आणि त्यांना म्हणायचं असतं 'तो येईल की नाही, मला माहीत नाही.' हे चूक आहे. 'सँग्विन'चा अर्थ 'निश्चित माहिती असलेला' असा नाही. चांगलं होईल असं वाटणं हा त्याचा गाभा. म्हणून 'व्हेदर' त्याला जुळत नाही, आणि वाईट गोष्टीबद्दलही 'सँग्विन' होता येत नाही. 'आय ॲम सँग्विन दॅट वी विल फेल' हे वाक्य फक्त विनोदात चालेल, किंवा बोलणाऱ्याला आपण पडावं असंच वाटत असेल तेव्हा.

आणखी एक बदल चालू आहे, त्याला मी चूक म्हणायला कचरतो. हल्ली 'ही वॉज सँग्विन अबाउट द डिफीट' अशी वाक्यं दिसतात, म्हणजे पराभव त्याने शांतपणे घेतला, मनाला लावून घेतला नाही. इथे भविष्याबद्दलची आशा जवळजवळ गळून पडलीये, उरलाय तो निर्धास्तपणा. हे कसं झालं असावं याचा माझा एक अंदाज आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला 'सांफ्र्वा' हा शब्द, शब्दशः 'थंड रक्त', म्हणजे संकटातही न डगमगणं. दोन्ही शब्दांत तेच रक्त, दोन्हींत न घाबरणं. लोकांच्या मनात ते एकमेकांत मिसळले असतील तर नवल नाही. गंमत अशी की चार रसांच्या हिशेबात सँग्विन माणसाचं रक्त उष्ण, आणि सांफ्र्वावाल्याचं थंड. विरुद्ध टोकांहून निघून दोघे एकाच चौकात भेटले. तुम्ही स्वतः लिहिताना हा प्रयोग टाळा, पण वाचताना त्याला हसू नका.

आता तो शेजारचा 'सँग्विनरी'. हाही 'सांग्विस'चाच, पण याने जिवंत रक्त सोडून सांडलेल्या रक्ताचं काम पत्करलं, जे लॅटिनमध्ये खरं तर 'क्रुओर'चं होतं. 'सँग्विनरी बॅटल' म्हणजे रक्तरंजित लढाई. क्षुल्लक गुन्ह्यांनाही फाशी देणाऱ्या कायद्यांना अठराव्या शतकात 'सँग्विनरी लॉज' म्हणत. पुढे इंग्लंडात 'ब्लडी' ही शिवी छापायची सोय नव्हती, तेव्हा विनोदी लेखक तिच्या जागी भारदस्त तोंड करून 'सँग्विनरी' लिहीत. पूर्वी 'सँग्विन' हाच शब्द 'रक्तपिपासू' या अर्थीही वापरला जाई, त्यामुळे दोघांत गोंधळ जुनाच आहे. आज मात्र वाटणी स्वच्छ आहे: आशा 'सँग्विन'कडे, रक्तपात 'सँग्विनरी'कडे. एखादा सेनापती 'सँग्विन' असेल तर तो जिंकण्याची खात्री बाळगणारा, 'सँग्विनरी' असेल तर मुडदे पाडणारा. एकच माणूस दोन्ही असू शकतो, तो भाग वेगळा.

बाकीचे भाऊबंद झटपट. 'कन्सँग्विनिटी' म्हणजे रक्ताचं नातं, कायद्यात आणि आनुवंशिकीत येणारा शब्द. 'एक्सँग्विनेशन' म्हणजे अतिरक्तस्राव, डॉक्टरांच्या अहवालातला. चित्रकारांचा लालसर, गेरूच्या जातीचा खडू 'सँग्विन' म्हणून ओळखला जातो. ट्युरिनला जपून ठेवलेलं, लिओनार्दो दा विंचीचं आत्मचित्र मानलं जाणारं दाढीवाल्या म्हाताऱ्याचं प्रसिद्ध रेखाटन लाल खडूचंच आहे. घराण्यांच्या चिन्हांच्या शास्त्रातही एका गडद लाल रंगाला हे नाव आहे. फ्रेंच येत असेल तर एक खड्डा चुकवा: फ्रेंचमध्ये एखादा माणूस 'सांगँ' असणं म्हणजे तो भडक डोक्याचा, पटकन उसळणारा. तिथे रक्त आशेकडे न वळता रागाकडे वळलं. फ्रेंच मजकुराचं इंग्रजी करताना तोच शब्द तसाच ठेवणारे तोंडघशी पडतात.

रंगाचा अर्थ आज जवळजवळ कवितेपुरता उरला आहे. तिथेही चांगला कवी दोन्ही अर्थ एकदम वाजवतो. शेलीने १८२०च्या 'द क्लाउड'मध्ये सूर्योदयाला 'सँग्विन' म्हटलंय. लाल आहे म्हणून, हे तर उघडच. पण पहाट ही उमेदीचीही वेळ, तेव्हा दुसरा अर्थ आपोआप मागे गुणगुणत राहतो. याचं मराठी करायला बसलात तर 'आरक्त' घ्यावा असं मी म्हणेन. त्यात रंग आहे, लाजेने किंवा आवेगाने चढलेली लाली आहे आणि 'अनुरक्त'शी नातंही आहे. 'रक्तवर्णी सूर्योदय' केलात तर डोळ्यांपुढे युद्धभूमी येते.

ओळखण्याची माझी पद्धत यावरून तुमच्या लक्षात आली असेल. मजकूर आजचा आणि विषय एखाद्या कामाचा निकाल असेल, तर भरवसा. मजकूर जुना आणि शेजारी चेहरा, गाल, शरीरयष्टी असेल, तर लालसर, टवटवीत, रसरशीत. शेजारी कापड, फूल, आकाश किंवा चिन्ह असेल, तर रंग. शेजारी 'टेम्परामेंट', 'डिस्पोझिशन' असे शब्द असतील, तर स्वभाव. मानसशास्त्राच्या पुस्तकात तो पारिभाषिक असतो. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हने कुत्र्यांच्या मज्जासंस्थेचे प्रकार पाडताना या चार प्रकृतींचा आधार घेतला होता आणि मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकच्या व्यक्तिमत्त्वाच्या आराखड्यात स्थिर व बहिर्मुख माणसांच्या चौकोनात 'सँग्विन' बसतो. अशा ठिकाणी भाषांतराची कसरत न करता 'सँग्विन प्रकृती' असंच ठेवावं आणि एकदा खुलासा करावा.

मराठी पर्यायांबद्दल माझी आवडनिवड सांगतो. स्वभावासाठी मला 'उमेदीचा' सगळ्यात जवळचा वाटतो. उमेद ही युक्तिवादातून येत नाही, ती अंगात असते किंवा नसते. 'सँग्विन'मधलं रक्त तिथे न बोलता येतं. तरुण पात्र असेल तर 'सळसळत्या रक्ताचा'ही चालतो, पण त्यात धडाडी जास्त आणि निर्धास्तपणा कमी, शिवाय साठीच्या जमीनदाराला तो शोभत नाही. 'आनंदी' ढोबळ, 'खुशालचेंडू' फार पुढे गेलेला, कारण त्यात बेफिकिरीचा ठपका आहे. कांटचं ते वर्णन भाषांतरित करायचं झालं तर मात्र 'खुशालचेंडू'चा मोह मला आवरणार नाही. एखाद्या बाबीबद्दलच्या मतासाठी विशेषणाचा हट्टच सोडावा. मराठी अशा वेळी 'वाटणं' वापरते: भरवसा वाटतो, काळजी वाटत नाही, खात्री वाटते. आणि 'टू सँग्विन', 'ओव्हरली सँग्विन' आलं की 'गाफील' हा शब्द हाताशी ठेवा. तो बोचरा आहे, पण अर्थतज्ज्ञाला अनेकदा नेमकं तेच म्हणायचं असतं.

तुमची दोन वाक्यं मी अशी लिहिली असती: 'विलीनीकरण सुरळीत पार पडेल, असा संचालक मंडळाला भरवसा वाटतो. विश्लेषकांना मात्र तो तितकासा वाटत नाही.' बातमीचा एकूण सूर मंडळावर टीकेचा असेल, तर पहिलं वाक्य बदलून 'विलीनीकरणाबाबत संचालक मंडळ निर्धास्त आहे' असं करा. वाक्य एकच बदललं, पण वाचक लगेच विचारेल: कशाच्या जोरावर?